रविवारी घाट, आणि गिअर ऐकत नाहीत

बाकीचं उत्तर नंतर वाच, आधी एवढं पाळ: उद्या सकाळी सायकल नीट बघून होईपर्यंत मागच्या सगळ्यात मोठ्या, २८ दात्यांच्या चकतीवर चेन न्यायची नाही. अंगणात एक चक्कर मारायची असली तरी नाही. तू लिहिलं आहेस की त्या गिअरमध्ये स्पोकजवळून 'टिक टिक' असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे डिरेलरचा, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्राचा, पिंजरा चाकाच्या स्पोकला शिवतो आहे. चढावर उभं राहून जोर दिला की चाक थोडं वाकतं, आणि मग तो पिंजरा स्पोकमध्ये ओढला जातो. खंबाटकीच्या चढावर एकदा माझ्यासमोर हे झालं होतं. डिरेलरचे तुकडे झाले, चार स्पोक तुटले आणि डिरेलर ज्यावर टांगतात तो हँगर फ्रेमच्या टोकासकट वाकला. चढावर वेग कमी होता म्हणून तो मुलगा वाचला. सपाटीवर हेच झालं असतं तर मागचं चाक जागीच अडकलं असतं.

आता तुझी तक्रार मला समजली तशी मांडतो, कारण उत्तर त्यातच आहे. सायकल दोन वर्षांची, मागे दहा चकत्यांचा संच (कॅसेट), ११ ते २८ दात्यांचा. पुढे ५० आणि ३४. गेल्या आठवड्यात पुण्याहून कऱ्हाडला ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवी टाकून आणलीस, चाकं काढून. रविवारी पसरणी घाटाची शर्यत म्हणून आल्यावर नवी चेन बसवलीस. तेव्हापासून दोन गोष्टी सुरू झाल्या: मधल्या दोन-तीन गिअरमध्ये जोर दिला की चेन 'खट्' करून सटकते, आणि मोठ्या चकत्यांकडे गिअर नीट चढत नाही, कधी एका क्लिकला जागचा हलत नाही, तर कधी दोन पायऱ्या उडी मारतो. गावातल्या मेकॅनिककडे नेलीस, त्यांनी डिरेलर किती आत-बाहेर जाईल ते ठरवणारे दोन्ही लिमिट स्क्रू फिरवले, आणि आता स्पोकचा आवाज आला. तू विचारतेस, बॅरल (वायरचा ताण कमी-जास्त करणारी फिरकी) टाइट करू की नवा डिरेलरच घेऊ?

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

तुझ्या सायकलला एक नाही, तीन वेगवेगळी दुखणी आहेत, आणि ती एकाच आठवड्यात आल्यामुळे एकच वाटताहेत. चेन सटकते ते चेन आणि कॅसेटचं प्रकरण. गिअर नीट चढत नाहीत ते बहुधा हँगरचं. आणि स्पोकचा आवाज वाकलेला हँगर आणि सैल सोडलेला स्क्रू या दोघांचा मिळून. एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडणार नाही. चेन सटकते म्हणून तू बॅरल कितीही फिरवलीस तरी ती सटकणारच.

बावीस वर्षं मी हे काम करतोय, आणि शर्यतीच्या आदल्या दोन दिवसांत माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक सायकली 'स्क्रू फिरवून' बिघडलेल्या असतात. म्हणून मी आलेल्या माणसाला आधी पान्याला हात न लावता एकच विचारतो: गिअर शेवटचे कधी नीट चालले, आणि त्यानंतर काय काय झालं? सायकल पडली का, प्रवास झाला का, चाक काढलं का, नवं काय बसवलं? लिमिट स्क्रू आपोआप फिरत नाहीत. दोन वर्षं जे स्क्रू जागेवर होते ते या आठवड्यात बिघडले असतील असं समजायला काहीच कारण नाही. बिघाड तिथे आहे जिथे काहीतरी बदललं. तुझ्या बाबतीत चाकं काढली, डिकीत सायकल आडवी पडली आणि चेन बदलली. शोध या तिन्हीतच घ्यायचा. गावातल्या मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्यांचं रोजचं काम सिंगल स्पीडच्या सायकलींचं, तिथे दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालून जातं. इथे चालत नाही.

का चालत नाही ते सांगतो, म्हणजे हाताला अंदाज येईल. पूर्वी गिअरच्या लिव्हरला क्लिक नव्हती. चालवणारा कानाने ऐकून लिव्हर थोडी पुढे-मागे करायचा आणि चेन चकतीवर बसवायचा. १९८४ मध्ये शिमानो कंपनीने ड्युरा-एस या आपल्या शर्यतीच्या गिअरसंचात क्लिकची पद्धत आणली आणि ती जगभर रुळली. तेव्हापासून लिव्हर दर क्लिकला ठरावीक वायर ओढते, आणि तेवढ्याने डिरेलर बरोबर पुढच्या चकतीखाली जाईल असं गृहीत धरलेलं असतं. शिमानोच्या बऱ्याच दहा-स्पीड रोड सायकलींत एका क्लिकला साधारण २.३ मिलिमीटर वायर ओढली जाते, डिरेलर त्याच्या १.७ पट सरकतो, म्हणजे जवळजवळ ३.९५ मिलिमीटर. दोन चकत्यांमधलं अंतरही तेवढंच. आता वायर अर्धा मिलिमीटर जरी ढिली असली तरी डिरेलर पाऊण मिलिमीटरहून जास्त मागे राहतो, म्हणजे एका पायरीचा पाचवा हिस्सा. तेवढ्यात चेन कुरकुरायला लागते. हे सगळं गणित एका अटीवर चालतं: चाक सरळ बसलेलं, हँगर सरळ, वायर आउटरमधून, म्हणजे तिच्यावरच्या नळीतून, विनाअडथळा सरकणारी. यातलं एक जरी बिघडलं तरी बॅरलने ते झाकता येतं, दुरुस्त करता येत नाही.

उद्या सकाळी सुरुवात चाकापासून कर. हे इतकं साधं आहे की कोणी बघत नाही, आणि माझ्या अनुभवात प्रवासानंतरच्या गिअरच्या तक्रारींचं हे फार मोठं कारण असतं. सायकल जमिनीवर उभी कर, मागच्या चाकाचा क्विक रिलीज (चाक आवळायची कळ) सोड, सीटवर हाताने जोर देऊन अॅक्सल दोन्ही बाजूंच्या खाचेत पूर्ण वर बसू दे, आणि मग आवळ. हवेत धरून चाक बसवलं की ते एका बाजूला तिरकं राहतं, आणि चाकाबरोबर कॅसेटही तिरकी. शर्यतीसाठी कोणाकडून वेगळं चाक आणणार असशील तर तेही आत्ताच लाव. प्रत्येक हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) कॅसेट केसभर आत-बाहेर असते, त्यामुळे चाक बदललं की गिअर पुन्हा जुळवावे लागतात. आणि तुझी दहाची कॅसेट अकरा-स्पीडच्या हबवर बसवली तर मागे १.८५ मिलिमीटरची जास्तीची रिंग लागते. ती विसरली तर कॅसेट खुळखुळते आणि कितीही बॅरल फिरवली तरी गिअर स्थिर होत नाहीत.

मग हँगर. डिरेलर ज्या छोट्या तुकड्यावर टांगलेला असतो तो अॅल्युमिनियमचा, मुद्दाम मऊ ठेवलेला, म्हणजे मार बसला तर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. डिकीत सायकल उजव्या बाजूवर आडवी टाकली, वर कोणाची बॅग आली, की सगळा भार डिरेलरवर येतो. सायकलच्या मागे जाऊन खाली बस, एक डोळा मीट, आणि बघ: चकत्या उभ्या आहेत, आणि खालचा पिंजरा, त्यातल्या दोन्ही पुली, त्याच उभ्या रेषेत आहेत का? खालची पुली चाकाकडे कललेली दिसली तर हँगर आत वाकला आहे. तुझी लक्षणं तेच सांगतात. छोट्या चकत्यांवर बरं चालतं, मोठ्यांकडे गेलं की बिघडतं, आणि शेवटी पिंजरा स्पोकला लागतो.

हे सरळ करायचं खरं साधन म्हणजे हँगर गेज. एक लांब दांडा हँगरच्या आट्यात बसतो आणि त्याचं टोक रिमपासून किती दूर आहे ते चारी बाजूंना बघतात. फरक ४ मिलिमीटरच्या आत आला की काम झालं. साताऱ्यात, कोल्हापुरात गिअरच्या सायकलींची कामं करणाऱ्या दुकानात हे असायला हवं. निघण्याआधी फोन करून विचार, "हँगर गेज आहे का?" 'पक्कडीने करून देतो' म्हणाले तर तिथे जाऊ नकोस.

गेज नाही मिळालं तर माझा जुना उपाय आहे. हँगरचे आटे १० मिलिमीटरचे, १ मिलिमीटर पिचचे असतात, आणि क्विक रिलीजवाल्या मागच्या चाकाच्या अॅक्सलचेही बहुतेक तेच. डिरेलर सोडवून बाजूला टांगून ठेव. दुसऱ्या सायकलचं मागचं चाक घे, त्याचा क्विक रिलीज ओढून काढ, आणि अॅक्सलचं बाहेर आलेलं टोक हँगरमध्ये हाताने फिरवून बसव. आता तुझं चाक आणि हे पाहुणं चाक शेजारी शेजारी उभी राहतील. वर, खाली, पुढे, मागे दोन रिममधलं अंतर मोज. समांतर नसतील तर पाहुण्या चाकाला धरून अगदी हळू दाब दे, पुन्हा मोज. घाई केलीस तर हँगर तुटेल. एकदा वाकून सरळ केलेलं अॅल्युमिनियम दुसऱ्यांदा तेवढं सोसत नाही, म्हणून शर्यतीनंतर नवा हँगर बसव. हँगरचे शेकड्यांनी आकार आहेत, घेताना जुना हातात घेऊनच जा. नवा आत्ताच मिळाला तर आणखी चांगलं, सरळ करायचा प्रश्नच उरत नाही. तरी नवाही गेजवर तपासून घे, कारखान्यातून आलेला प्रत्येक हँगर सरळ असतोच असं नाही.

हँगर सरळ झाल्यावरच लिमिट स्क्रूला हात लाव, आधी नाही. सायकल टांगायला स्टँड नसेल तर घरातल्या झोपाळ्याच्या कडीला दोरी बांध आणि सीट त्यात अडकव. चेन सगळ्यात छोट्या चकतीवर घे आणि वायरचा नट सोडून वायर ढिली कर. एच लिहिलेला स्क्रू असा लाव की मागून बघताना वरची पुली बरोबर ११ च्या चकतीच्या बाहेरच्या कडेखाली येईल. मग पॅडल हळूहळू फिरवत डिरेलर हाताने आत ढकल, चेन २८ वर जाऊ दे, आणि तिथे एल स्क्रू आवळत आण. पुली २८ च्या बरोबर खाली यायला हवी, आणि हाताने आणखी ढकललं तरी स्पोककडे जराही जाता कामा नये. स्क्रू आवळला की डिरेलर स्पोकपासून लांब येतो. पाव फेरा, पॅडल, पुन्हा पाव फेरा. एवढं झालं की पहिल्या परिच्छेदातली बंदी उठली.

वायर परत आवळण्याआधी ती एकदा बघून घे, दोन वर्षं झाली आहेत. दोन पावसाळे म्हणजे आउटरमध्ये पाणी आणि चिखल गेलेला असणारच, विशेषतः डिरेलरजवळच्या शेवटच्या वळणात. नट सोडलेला आहेच, तर वायरचं टोक एका हाताने धर, ताणून ठेव, आणि दुसऱ्या हाताने लिव्हर दाब. क्लिक गुळगुळीत लागायला हवी. वायर खरखरत, अडखळत सरकत असेल तर तो शेवटचा वीतभर आउटरचा तुकडा बदल. स्वस्त आहे, दहा मिनिटांचं काम आहे, आणि इतक्या कमी पैशांत गिअर एवढे सुधारणारं दुसरं काही मला माहीत नाही. फक्त आउटर गिअरचाच घे. ब्रेकच्या आउटरमध्ये स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते, ती दाबाखाली आखडते आणि क्लिकचं गणित चुकतं. गिअरच्या आउटरमध्ये सरळ तारा असतात. उलटं तर कधीच करायचं नाही: गिअरचा आउटर ब्रेकला लावला तर जोराच्या ब्रेकखाली तो फाटू शकतो.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचार. गेल्या महिन्याभरात दर दोन-तीन दिवसांनी बॅरल थोडी थोडी फिरवावी लागत होती का? तसं असेल तर वायर लिव्हरच्या आत एकेक तार करून तुटते आहे. हँडलच्या टेपखालून वायर नेणाऱ्या लिव्हरमध्ये हे फार होतं, कारण तिथे वायर अगदी लहान गोलाईत वळते. बाहेरून काही दिसत नाही. लिव्हर सगळ्यात छोट्या चकतीच्या गिअरवर आणून वायर मागून ढकललीस तर तिचं डोकं बाहेर येईल. एकही तार सुटलेली दिसली तर पूर्ण वायर बदल, आणि आजच. ती तुटली आणि डोकं आत अडकलं तर काढायला अर्धा दिवस जातो. नवी वायर बसवलीस तर फ्रेमजवळ उघडी असेल तिथे हाताने चार-पाच वेळा चांगली ताण, म्हणजे आउटरची टोकं आपापल्या जागी बसतील. नाहीतर ती रविवारी घाटात बसतील आणि तुझे गिअर तिथे ढिले होतील.

आता बॅरल, जिच्यापासून सगळे सुरुवात करतात. ती पूर्ण आत फिरवून दोन फेरे मागे घे. वायर हाताने ताणून नट आवळ. चेन ११ वर असताना एक क्लिक दे. वर चढली नाही तर बॅरल पाव फेरा बाहेर काढ, म्हणजे स्क्रू उघडतो त्या दिशेला. चढेपर्यंत असंच कर. मग चेन दुसऱ्या चकतीवर ठेव, पॅडल फिरवत बॅरल बाहेर काढत जा, आणि तिसऱ्या चकतीला चेन घासल्याचा आवाज आला की थांब. आवाज बंद होईल एवढीच परत आत घे. तुझी जागा तीच. मोठ्या चकतीकडे जायला वेळ लागतो तर वायर ढिली, छोटीकडे यायला वेळ लागतो तर वायर जास्त ताणलेली किंवा आउटरमध्ये अडकते. दोन्हीकडे वेळ लागत असेल तर बॅरल सोड आणि मागे जाऊन हँगर आणि आउटर पुन्हा बघ.

इथपर्यंत गिअर बदलण्याचं झालं. आता सटकण्याचं. रविवारी तुला खरा धोका याचाच आहे, आणि याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

चेन जुनी होते म्हणजे तिच्या पिना आणि रोलर झिजतात आणि प्रत्येक जोडातलं अंतर किंचित वाढतं. नवी असताना ते बरोबर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर असतं. चेन लांबत जाते तशी चकतीचे दातेही तिच्या मापाने झिजत जातात. दोघं एकत्र झिजतात म्हणून काही कळत नाही, सायकल चांगली चालते. मग एक दिवस आपण नवी चेन आणतो. तिचं माप कोरं, दाते मात्र जुन्या चेनच्या मापाचे. रोलर दात्याच्या खोबणीत पूर्ण बसत नाही, जोर पडला की दात्यावर चढतो आणि पुढे घसरतो. हे सगळ्या चकत्यांवर होत नाही, ज्या जास्त वापरल्या त्यांच्यावरच होतं. तुझी १७ आणि १९ वर सटकते आणि बाकीकडे ठीक आहे. सपाट रस्त्यावर सराव करणाऱ्या कोणाच्याही याच दोन चकत्या आधी जातात. म्हणून मला खात्री वाटते की हा डिरेलरचा दोष नाही.

फक्त एक तपासून घे. नव्या चेनमध्ये जिथे जोडणी केली तो जोड घट्ट राहिला तरी चेन उडी मारते. पण ती उडी ठरलेल्या लयीत येते. तुझी १०८ जोडांची चेन पुढे ३४ वर असेल तर दर सव्वातीन पॅडल-फेऱ्यांना एकदा, कोणत्याही गिअरमध्ये, जोर नसला तरी. पॅडल उलटं फिरवून मागच्या पुलीकडे बघ, घट्ट जोड तिथे ठेचकाळताना दिसतो. असेल तर तो जोड दोन्ही अंगठ्यांनी आडवा थोडा वाकव, सुटतो. तुझी उडी जोर दिल्यावरच आणि त्याच चकत्यांवर येते, म्हणून मी झिजेवर बोट ठेवतोय.

दोन मार्ग आहेत. शुक्रवारी दुपारपर्यंत ११-२८ ची दहा-स्पीड कॅसेट हातात पडली तर नवी चेन राहू दे आणि नवी कॅसेट बसव. लॉकरिंग ४० न्यूटन मीटरला आवळायची असते, म्हणजे एक फूट लांब पान्याला चांगला जोर. नाही मिळाली तर जुनी चेन परत घाल. होय, जुनीच. ती दुकानात राहिली असेल तर आजच फोन करून सांग की भंगारात टाकू नका. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकांच्या मापाच्या आहेत, त्या रविवारी सटकणार नाहीत. जोडायला क्विक लिंक (चेनची सुटी कडी) मात्र नवीन घे. सोमवारी दोन्ही बदल. पुढच्या वेळी साध्या स्टीलच्या पट्टीने मोज: चेनचे २४ जोड १२ इंच भरतात. पिनचा मध्य १२ इंचाच्या खुणेपुढे दीड मिलिमीटर गेला की चेन बदल, कॅसेट वाचते. तीन मिलिमीटर गेला की दोन्ही गेलं म्हणून समज.

मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. मी स्वतः शर्यती करायचो तेव्हा एका शर्यतीच्या आदल्या रात्री हौसेने कोरी चेन घातली होती. खोपोलीपर्यंत सगळं सुरेख चाललं. बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाच्या खालच्या चढावर उभा राहिलो आणि पहिल्याच जोराला चेन सटकली, गुडघा हँडलच्या स्टेमवर आपटला. पुढचा सगळा घाट मी बसून, कमी झिजलेल्या एकाच गिअरमध्ये काढला, आणि ज्यांच्याबरोबर वर्षभर सराव केला ते एकेक करून पुढे गेले. पाय चांगले होते त्या दिवशी. अजून वाटतं.

नवी चेन ठेवलीस तर तिची लांबी बघ. जुनीच्या शेजारी ठेवून जोड मोज, ताणून नाही. आखूड पडली असेल आणि चुकून पुढे ५० आणि मागे २८ लागलं तर डिरेलर उपटून निघतो. फार लांब असेल तर ३४-११ ला ती लोंबते, पण त्यात धोका नाही.

पुढच्या डिरेलरबद्दल तू काही विचारलेलं नाहीस, म्हणजे तो चालतोय, मग त्याला हात लावू नकोस. फक्त वापराबद्दल सांगतो. पसरणीचा चढ सुरू झाल्यावर, वेग पडल्यावर, पूर्ण जोर देत ५० वरून ३४ वर यायचं नाही. वाईतून बाहेर पडून रस्ता वर वळायच्या आधीच, पाय एक क्षण हलका करून, ये. २०१० च्या टूर द फ्रान्समध्ये १५ व्या टप्प्यात पोर्ट द बालेसच्या चढावर अँडी श्लेकने हल्ला चढवला आणि नेमकी तेव्हाच त्याची चेन उतरली. अंगावर आघाडीवर असणाऱ्याची पिवळी जर्सी होती. आल्बर्तो कोन्तादोर पुढे निघून गेला, श्लेकचे त्या दिवशी ३९ सेकंद गेले आणि पॅरिसला पोचल्यावर दोघांतलं अंतरही ३९ सेकंदांचंच होतं. त्याच्याकडे जगातले उत्तम मेकॅनिक होते. जोराखालचा गिअर कोणालाही सोडत नाही.

तुझ्या मैत्रिणीच्या सायकलला इलेक्ट्रॉनिक गिअर आहेत, तिच्यासाठी थोडं. शनिवारी रात्री बॅटरी चार्ज. स्रॅम कंपनीचे वायरलेस असतील तर गाडीतून नेताना डिरेलरच्या बॅटऱ्या काढून ठेवायच्या, हादऱ्यांनी ते जागे राहतात आणि बॅटरी उतरते. लिव्हरमधले सीआर २०३२ चे सेल वेगळे असतात, ते विसरतात. रस्त्यात मागची बॅटरी संपली तर पुढच्या डिरेलरची काढून मागे लावता येते, दोन्ही सारख्याच असतात. शिमानोचा डीआय-टू हा इलेक्ट्रॉनिक गिअर असेल आणि सायकल पडल्यानंतर तो गप्प झाला तर बहुधा तो स्वतःला वाचवायला सुटलेला असतो, बटण धरून रीसेट होतो. हँगर मात्र तिलाही सरळच लागतो, मोटर त्यात काही करू शकत नाही.

वेळेचं असं धर. शुक्रवारी चाक, हँगर, स्क्रू, वायर, चेन, याच क्रमाने. शनिवारी सकाळी दहा-पंधरा किलोमीटर, त्यात एक खरा चढ असलाच पाहिजे. टांगलेल्या सायकलवर सगळेच गिअर छान पडतात, अंगाचं वजन आणि जोर आल्यावर खरं कळतं. १७ आणि १९ वर मुद्दाम उभं राहून जोर दे, पण आधी कमी वेगात आणि हात घट्ट धरून. काही राहिलं असेल तर बॅरल पाव फेरा, बस. शनिवारी दुपारनंतर सायकलला पाना लावायचा नाही. एखादा गिअर किंचित कुरकुरत असला तरी नाही. संध्याकाळी चेनला तेल, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने बाहेरून सगळं पुसून घे, नाहीतर धूळ त्यावर चिकटते. आणि वाईला सायकल नेताना ती उभी ने, किंवा आडवी ठेवावीच लागली तर डिरेलरची बाजू वर. उतरल्यावर पुन्हा मागे बसून एक डोळा मीटून बघ.

खिशात एक क्विक लिंक, पाच मिलिमीटरची एलन की आणि छोटा स्क्रूड्रायव्हर ठेव. घाटातच वायर तुटली तर डिरेलर ११ वर जाऊन बसेल, आणि पुढे ३४ असलं तरी १२ किलोमीटरचा तो चढ ३४-११ वर कोणाच्याही गुडघ्यांना झेपणार नाही. तेव्हा थांब, एच स्क्रू आवळत जा, डिरेलर एक-दोन चकत्या आत येईल. त्याहून मोठी चकती हवी असेल तर डिरेलर हाताने आत ढकलून धर आणि त्याच्या चौकटीच्या फटीत रस्त्याकडेचा बेताचा दगड किंवा काटकी घट्ट बसव. १९ किंवा २१ च्या जवळ जमलं की त्या एका गिअरवर पाचगणीपर्यंत जाता येतं. धोम धरणाचं पाणी खाली दिसायला लागलं की वळणं थोडी सुसह्य होतात, तिथे श्वास घे.

उद्या मागून काढलेला डिरेलरचा फोटो पाठव, कॅमेरा चकत्यांच्या अगदी रेषेत धरून. हँगर किती वाकला आहे ते मी त्यावरून सांगेन.